एकोणपन्नास पट्ट्या

६ फेब्रुवारी
कीबोर्ड आला. एकोणपन्नास पट्ट्या, शंभर आवाज, दोन बटणं मोडकी. विकणारा म्हणाला, शिकायला उत्तम. मी म्हटलं, मला शिकायचं नाही, वाजवायचं आहे. नोव्हेंबरात बायकोला झटका आला, तेव्हापासून तिचा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलंय. डॉक्टर म्हणाले, बोलता न येणाऱ्यांना कधीकधी गाता येतं, आणि गाण्यातून शब्द परत येतात. ही तीस वर्षं शाळेत गाणं शिकवत होती. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. पंधरा दिवसांत बोलेल. फार तर वीस.

८ फेब्रुवारी, सकाळी
आलेखाच्या कागदावर पट्ट्यांचा नकाशा काढला. नोकरीत जन्मभर नकाशेच काढले, हे काय अवघड! प्रत्येक पट्टीवर चिठ्ठी चिकटवली.

८ फेब्रुवारी, दुपारी
गोंद आत गेला. तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. हिच्या गाण्यात त्या लागत नसाव्यात.

१२ फेब्रुवारी
गाणं ठरलं. हिने मुलांसाठी स्वतः रचलेलं गोगलगाईचं. इतकी वर्षं घरात ऐकलंय, पाठच आहे. पहिली ओळ वाजवली. दुसरी आठवेना. शिवाय सूर वर चढतो तिथे पट्ट्या संपतात. मग तेवढंच खालच्या पट्ट्यांवर घेतलं. गोगलगाय विहिरीत पडल्यासारखी वाटली. हिने तोंड खिडकीकडे फिरवलं. भरून आलं असावं.

१३ फेब्रुवारी
मुलीला फोन करून दुसरी ओळ विचारली. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला कशी माहीत असणार, आई गायला बसली की तुम्ही दार लावून घ्यायचात. मी म्हटलं, ऑफिसचं काम घरी आणायचो, एकाग्रता लागते. ती म्हणाली, हो ना. हे "हो ना" ती हल्ली फार म्हणते. शब्द लिहून पाठवू का, असंही म्हणाली. नको म्हटलं. आठवतील.

१९ फेब्रुवारी
या वाद्यात पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. हिची काळजी घ्यायला दिवसभर एक बाई असतात. त्या म्हणाल्या, काका, जरा हळुवार वाजवा ना. त्यांना समजावलं की यात हळुवार ही सोय नाही. आवाज बदलून बघितले. बासरी, ऑर्गन, आणि "स्पेस" नावाचं काहीतरी. स्पेसला ही दचकली. प्रतिसाद मिळतोय.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०
ऐतिहासिक दिवस. पहिली ओळ अकराव्यांदा वाजवत होतो आणि ही बोलली. स्पष्ट. "पुरे." आजारपणानंतरचा पहिला शब्द. मुलीला लगेच फोन केला. ती रडली. मग विचारलं, आई नेमकं काय म्हणाली? सांगितलं. त्यावर ती हसली की आणखी रडली, ते फोनवर कळलं नाही.
वीस दिवस काल संपले, पण सुट्टीचे दिवस धरत नाहीत.
उद्यापासून सकाळीही वाजवायचं.

२ मार्च
सकाळी कीबोर्ड घेऊन बसलो. हिने डाव्या हाताने माझी बोटं पट्ट्यांवरून उचलली. एकेक करून. रागाने नाही. शाळेतल्या मुलांची उचलत असेल, तशी. आणि माझ्याच मांडीवर नेऊन ठेवली. हिच्या हाताला व्यायाम झाला.

५ मार्च
चारला औषधं आणायला निघालो. चष्मा विसरला म्हणून परत आलो. जिन्यात असताना वरून गाणं ऐकू आलं. आधी वाटलं, रेडिओ. पण हीच होती. गोगलगाईचं. शब्दांसकट. एखादा अडखळत होता, पण येत होता. गाण्याखाली कीबोर्डचा एकच सूर सारखा धरलेला.
धावत वर गेलो. कीबोर्ड पलंगावर, हिचं डावं बोट एका पट्टीवर. बाई शेजारी कपड्यांच्या घड्या करत होत्या. मला बघून हिने बोट उचललं. मी म्हटलं, थांबू नकोस, म्हण ना. हिने प्रयत्न केला. मनापासून केला. ओठ हलले, आवाज आला नाही. डोळे भरले. मी म्हटलं, असू दे, दमली असशील.
स्वयंपाकघरात बाईंना विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, पंधरा दिवस तरी झाले. तुम्ही बाहेर पडलात की गातात. तुम्हाला सांगू नको असं काकूंनीच खुणावलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.
मला वाईट वाटलेलं नाही. उपाय लागू पडला, हे महत्त्वाचं. मोजलं तर वीस दिवसांच्या आतच.
चष्मा घेऊन पुन्हा गेलो. औषधाचं दुकान ओलांडून कुठल्या कुठे पोचलो होतो.

९ मार्च
चारला फिरायला जातो म्हणून निघालो. एक मजला उतरून पायरीवर बसलो. खालच्या शेजाऱ्यांनी विचारलं, बरं नाही का? गुडघा धरलाय म्हटलं. पायरी गार लागते. उद्या खाली घालायला काहीतरी आणायला हवं.
गाण्याची कडवी चार आहेत. मला एकच वाटत होतं. तिसऱ्यात गोगलगाय पाहुणी म्हणून जाते आणि पोचते तेव्हा सगळे जेवून झोपलेले असतात. तिथे ही हसते. बाईही हसतात.
साडेपाचला वर गेलो. आज काय केलं, विचारलं. हिने मान हलवली. काही नाही.
मी म्हटलं, बरं.