वस्तीची यादी

माय, वस्ती उठली. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतीस तर बाकीचं ऐकायच्या आधी हेच विचारलं असतंस. जालन्याच्या कारखान्यांमागची, नाल्याकाठची ती पत्र्याची वस्ती, जिथल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून तू म्हातारी होईपर्यंत खिचडी शिजवलीस, ती आता तिथं नाही. सपाट जागा आहे आणि भोवती तारेचं कुंपण.

तुझं ते स्वयंपाकघर मला अजून लख्ख दिसतं. म्हणायचं स्वयंपाकघर; अंगणवाडीच्या एका खोलीमागं काढलेला आडोसा. शाळा सुटली की मी तिथंच येऊन बसायचे. कारखान्याची काळी धूळ पातेल्यात पडू नये म्हणून तू झाकण दाबून ठेवतेस, पुन्हा पुन्हा पाहतेस. एक दिवस बिहारहून आलेली एक बाई तीन लेकरं घेऊन दारात उभी राहते. नवरा सळईच्या कारखान्यात भट्टीवर लागलेला. लेकरांची नावं रजिस्टरात नाहीत. सेविकाबाई म्हणतात, "बाहेरचे आहेत. आज इथं, उद्या कुठं. नाव लावता येत नाही." तू तीन ताटल्या विसळून आणतेस. त्यातल्या मोठ्या पोरीला, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असेल, मी शहाणपणानं नाव विचारलं, तर तू माझ्यावर डोळे वटारलेस. "आधी जेवू दे तिला. पोटात काही न्हाई अन् तू नाव इचारून राह्यली." तुझं ते बोलणं मी पुढं किती जणांना कौतुकानं सांगितलं. वागले मात्र उलट.

ती पोरगी तिथंच वाढली. आपल्यासारखंच बोलायला लागली. तिच्याच मुलखातल्या, कारखान्यात काम करणाऱ्या पोराशी तिचं लग्न झालं, दोन लेकरं झाली. तुझ्या मागं मी सेवा केंद्रात फॉर्म भरायच्या कामाला लागले होते, तिथं ती नवऱ्याला घेऊन आली. रेशनच्या मशीनवर त्याचा अंगठा लागत नव्हता. भट्टीपाशी काम करून बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. मी तिच्याबरोबर रेशनच्या दुकानात गेले. दुकानदार माणूस वाईट नव्हता. "मशीन न्हाई म्हणतंय ताई, मी काय करू," म्हणाला. मग तिच्या थोरल्या पोराला शाळेतून परत पाठवलं, कागद अपुरे म्हणून. एकेक करत वस्तीतल्या बाया केंद्रावर यायला लागल्या. शेवटी मी आणि गावातल्या तिघी, अशा आम्ही चौघीजणी रविवारी तिच्याच दारात बसायला लागलो. अर्ज लिहायचे, दवाखान्यात कुणाबरोबर तरी जायचं, शाळेत जाऊन हेडमास्तरांशी बोलायचं. संघटना म्हणावी असं त्यात काही नव्हतं, आमचा साधा फलकही नव्हता.

मग आम्ही कचेरीसमोर तीन दिवस धरणं धरलं. पाणी, शाळा आणि रेशन, एवढंच मागत होतो. दुसऱ्या दिवशी दादा आला. मांडवाबाहेरूनच मला बोलावून घेतलं. "आपल्या पोरांना काम न्हाई अन् तू यांच्यासाठी बसून राह्यली," म्हणाला. त्याचा पोरगा आयटीआय करून दोन वर्षं घरी बसलेला. मी म्हणाले, यांना काढलं म्हणून त्याला काम लागणार आहे का? तो म्हणाला, "ते मला न्हाई माहीत. पण तू माझ्या पोरासाठी कधी बसली का?" मी मांडवात परत जाऊन बसले. तेव्हापासून तो माझ्याकडं येत नाही, दिवाळीलाही नाही.

तिसऱ्या दिवशी एक पुढारी आले, आमच्यात बसून फोटो काढून घेतले आणि एका साहेबांशी गाठ घालून दिली. साहेब गोड बोलले. "किती कुटुंबं आहेत ते तरी आम्हाला कळू द्या. यादी द्या, मग सगळं बराबर होईल." मी आनंदात वस्तीत आले. जिच्या दारात आम्ही बसायचो, तिला पटलं नाही. चहा देता देता म्हणाली, "ताई, आमचं नाव कुठंच न्हाई म्हणून तर आमच्याकडं कुणाचं लक्ष न्हाई. नावं दिली अन् कुणी उठवलं तर?" मी हसले. म्हणाले, "नाव नाही म्हणून तर कुणीही उठवू शकतं. एकदा कागदावर आलात की तुम्ही या गावचे." हे वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं, माय. मी ते प्रत्येक दारात म्हटलं. लोक मला ओळखत होते, तुझी पोरगी म्हणून ओळखत होते. त्यांनी नावं दिली, घरात माणसं किती ते सांगितलं, गावाकडची आधार कार्डं काढून दाखवली. यादी मी स्वतः लिहिली, सुवाच्य अक्षरात, घरं ज्या ओळीनं होती त्या ओळीनं. एका म्हाताऱ्याचं आडनाव घाईत चुकलं, ते नंतर दुरुस्त करू म्हणून तसंच राहिलं.

पावसाळा संपता संपता नोटिसा आल्या. जागा कुणा मालकाची होती, अतिक्रमण काढून घ्या, म्हणून. प्रत्येक दारावर त्या त्या माणसाच्या नावाची वेगळी नोटीस. म्हाताऱ्यानं त्याची माझ्यासमोर धरली. आडनाव तसंच चुकलेलं होतं, अगदी मी चुकवलं होतं तसं. तो निरक्षर. त्यानं फक्त विचारलं, "बेटी, इसमें क्या लिखा है?" मी वाचून दाखवलं. यादी कोणाच्या टेबलावरून कोणाकडं गेली ते मला आजवर कळलेलं नाही. साहेबांची बदली झाली होती. पुढारी फोनवर म्हणाले, कोर्टाचं काम आहे, मी त्यात पडत नाही. आम्ही वकील पाहिला, पुन्हा धरणं धरलं. या वेळी मांडवात आम्ही चौघी आणि वस्तीतले पाचसहाजण. बाकीचे कामावर, खाडा केला तर ठेकेदार दुसरा माणूस घेतो.

ज्या सकाळी घरं पाडायचं मशीन येतं, त्या सकाळी ती स्वतःच घरावरचे पत्रे काढत असते. तोडले तर पुन्हा कामाला येणार नाहीत म्हणून. मी खालून पत्रा धरते, ती वरून सोडते. तिचा धाकटा पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बाजेवर बसलेला असतो आणि बाज तेवढी उघड्यावर. अंगणवाडीची खोली शेवटी पाडली. मी तिला म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे." वाटलं होतं ती शिव्या देईल. ती म्हणाली, "ताई, तुम्ही वाईट मनानं न्हाई केलं." आणि पत्रे बांधायला दोरी मागितली. टेम्पोत सामान भरून बहुतेक सगळे पुण्याकडच्या कुठल्याशा बांधकामावर गेले. म्हाताऱ्याला मुलगा बिहारला घेऊन गेला. आमच्या चौघींपैकी दोघींनी येणं सोडलं, तिसरी लातूरला लेकीकडं गेली. मी केंद्रात फॉर्म भरते. कुणी यादी म्हटलं की हात थांबतो, मग पुन्हा चालतो.

माय, लोक मला म्हणतात, प्रयत्न तर केला ना. तू असं म्हणाली नसतीस. तू काय म्हणाली असतीस ते मी खूप आठवून पाहिलं, पण तुझा आवाजच येत नाही आताशा. आणि हे पत्र तरी कुठं टाकणार. तुला वाचता येत नव्हतं, वाचून दाखवणारी मीच होते. हे कपाटात कपड्यांखाली राहील.

दिवाळीनंतर पुण्याकडून तिचा फोन आला होता. पोरांना तिकडं शाळेत घेतलं नाही, इथल्या अर्जाचं काही झालं का, विचारत होती. अर्ज कचेरीनं केव्हाच नामंजूर करून निकाली काढला होता. मी म्हणाले, "चालू आहे." परवा पुन्हा तिचा फोन आला. मी जेवत होते. फोन वाजून वाजून बंद होईपर्यंत मी त्याच्याकडं पाहत राहिले, आणि मग जेवले.