‘मी’वर एक रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, प्रयोगशाळेतली निवृत्त सहायक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं आहे. ते तापलेलं आहे, हेही लिहायला हवं होतं.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. तिच्या यजमानांनी स्वयंपाकघरातला गळका नळ ‘उद्या बघतो’ म्हणत सहा वर्षं लटकवला आहे. तो दुरुस्त झाल्यावरच किल्ली द्यावी.

२. माझा सूक्ष्मदर्शक कोपऱ्यावरच्या शाळेला. कपाटात ठेवून पूजा करायची असेल तर देऊ नये.

३. सरांना, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, काडीही देऊ नये. महिन्यात तीनदा फोन: “बाई, ती जुनी वही द्या ना, प्रदर्शनात काचेखाली ठेवायची आहे.” कोणत्या तोंडाने मागतात? जिवाणू आपल्या डीएनएची नक्कल नेमकी कधी सुरू करतो, हा आमचा प्रश्न. सर जिवाणूंच्या ज्या वाणाला मरतुकडं म्हणून फेकायला निघाले होते, तो मी जपला. तीस अंशांवर तो सुखाने वाढायचा. एकदा त्याच्या बाटल्या ज्या कोमट पाण्याच्या टाकीत असायच्या, ती बेचाळीसवर गेली. चालू नकला सगळ्या जिवाणूंनी पूर्ण केल्या, नवी एकानेही सुरू केली नाही. पुन्हा तीसवर आणताच सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. म्हणजे नक्कल करणारी यंत्रणा धड होती. उष्णतेने लुळं पडत होतं ते सुरुवात करून देणारं प्रथिन. वहीत मी लिहिलं होतं, ‘मी तापमान बेचाळीसवर नेले.’ सरांनी शोधनिबंध छापताना ‘मी’चं ‘आम्ही’ केलं आणि मला शेवटी आभारात ढकललं. ते मी विसरलेले नाही, माफही करत नाही.

४. आता वही. ती काचसामान धुणाऱ्या आक्काला द्यावी, कारण टाकी मी बेचाळीसवर नेलीच नव्हती. पुसताना आक्काचं फडकं अडकून बटण फिरलं. “बाई, साहेबांना सांगू नका, नोकरी जाईल,” ती म्हणाली. मी सांगितलं नाही. तेव्हा तिची नोकरी वाचवली. पुढे शोध गाजला, तरी गप्प राहिले. तेव्हा मी फक्त स्वतःला वाचवत होते. सरांनी मला आभारात तरी घातलं. मी आक्काला कुठेच घातलं नाही. लाज वाटते मला.

प्रयोगवहीत चूक गिरगटायची नसते. एका रेघेने खोडून शेजारी सही आणि तारीख टाकायची असते. आज सकाळी मी तो ‘मी’ तसाच खोडला आहे.

ज्याला काही मिळतं त्याने मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात. म्हणून आक्काची सही याही कागदावर नाही. वहीत त्या रेघेच्या वर जागा सोडली आहे. तिथे तिने आधी आपलं नाव लिहावं. मग वही काचेखाली ठेवायची की नाही, ते सरांनी तिला विचारावं.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. शेजारचे घड्याळजी (सही, चष्मा लावून)
लिहून देणार: (सही)
स्थळ: माझ्या घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: ११ नोव्हेंबर, वहीतल्या रेघेशेजारी आहे तीच