मुलगा पाहण्यासाठी जाळलेले नगर

ज्या करुणेसमोर क्रुद्ध यक्षांनी शस्त्रे खाली ठेवली आणि विषारी नागांनी फणा मिटली, त्या करुणेला प्रथम वंदन. तिची छाया या पत्रावरही असावी, कारण पुढील मजकुरात आग आहे.

नाशिकरोड,
सोमवार

आयुष्मान हिरामण यांस सहादूचा सप्रेम जयभीम.

आपली व वहिनींची प्रकृती उत्तम असावी. आपला गुडघा (डावा, उजव्याचे वृत्त मागील पत्रात सविस्तर आले होते) आता जिना चढू देतो का, ते कळवावे. येवल्यात यंदा कांद्याला भाव आणि विहाराला नवे छप्पर अशा दोन्ही गोष्टी लाभल्याचे वाचून आनंद झाला. या दोहोंपैकी टिकणारी कोणती, हे आपण जाणताच. येथे आमची सौ. सुलाबाई ठणठणीत आहे, म्हणजे माझे चुकल्यास शेजारच्या इमारतीपर्यंत ऐकू जाईल इतकी ठणठणीत आहे.

आपण आपल्या नातवाचे, चि. बुद्धभूषणचे, परिचयपत्रक पाठवलेत आणि ‘मुलगा आपल्या नातीस, तेजलला, योग्य वाटतो की नाही ते स्वतः पाहून निर्भीडपणे कळवावे’ असे लिहिलेत. निर्भीडपणा आपण मागितला आहे, हे कृपया शेवटपर्यंत ध्यानात ठेवावे. पत्रक वाचले. ‘निर्व्यसनी, मनमिळाऊ, वडीलधाऱ्यांचा आदर करणारा.’ माझ्या हयातीत मी वाचलेल्या प्रत्येक पत्रकातील प्रत्येक मुलगा असाच होता. मग इतके व्यसनी, भांडखोर आणि उद्धट जावई कोठून उत्पन्न होतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. असो. मुलगा पाहायचा म्हणून मी पोह्यांचा बेत सांगितला, तर तेजल म्हणाली, “आबा, पोहे खाताना सगळेच चांगले दिसतात. त्यापेक्षा रविवारी आमच्या खेळात तुम्ही ड्रॅगन व्हा. गाव पेटल्यावर माणूस कळतो.”

हा खेळ म्हणजे काय, ते सांगणे प्राप्त आहे. तेजल, आपला बुद्धभूषण, पायल आणि ललित ही चार सुशिक्षित, पगारदार, कर्जाचे हप्ते नियमित भरणारी माणसे दर रविवारी देवळाली कॅम्पात पायलच्या घरी जमून एका काल्पनिक राज्यात राहायला जातात. (कॅम्पात तोफांचा सराव चालतो, त्यामुळे शेजाऱ्यांना या युद्धाचा वेगळा उपद्रव जाणवत नसावा.) एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी एकेक सोंग घेऊन आपण काय करतो ते बोलायचे, आणि ते साधले की फसले हे वीस पैलूंच्या फाशाने ठरवायचे. आपण या वयात सभांच्या सतरंज्या उचलत होतो. ही पिढी सतरंजीवर बसून राज्ये उचलते. प्रगती आहे. तेजल धनुर्धारी, पायल मांत्रिक. आणि आपला नातू? हिरामण, ज्या बालकाचे नाव आपण मोठ्या श्रद्धेने ‘बुद्धभूषण’ ठेवलेत, त्याने स्वेच्छेने निवडलेला व्यवसाय ‘चोर’ हा आहे. परिचयपत्रकात हा तपशील माझ्या नजरेतून सुटला असावा.

या रविवारी खेळ आमच्या घरी भरला, आणि एरवी कथा सांगणारा ललित या वेळी नियम सांगण्यापुरता माझ्या शेजारी बसला. माझ्या बैठकीत द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांचे नगर उभे राहिले, तेजलची निळी ओढणी नदी झाली आणि नागरिक म्हणून वाटीभर चिंचोके घरोघर वसवले गेले. ड्रॅगनची मूर्ती कोणाकडे नव्हती, म्हणून सुलाबाईचा अडकित्ता जबडा उघडून वेशीबाहेर ठेवण्यात आला. मी स्पष्ट केले की आपल्याकडे या प्राण्याला नाग म्हणतात. ललितने त्याला पंख असल्याचे कळवले. मी ते उदार मनाने मान्य केले. फासे मात्र शीलवंताने हाती धरू नयेत, हा माझा नियम, म्हणून ते काम सुलाबाईकडे सोपवले. तिला ते इतके भावले की गरज नसतानाही ती अधूनमधून एखादा टाकून पाहत होती. नगर जाळल्याने माझ्या अहिंसेचे काय, अशी शंका आपण काढालच. आगीचा हेतू परीक्षा हा होता, आणि हेतू हेच कर्म. परीक्षकाला पाप लागत असते, तर एकही विद्यापीठ उभे राहिले नसते.

मुलाला पंचशीलाच्या कसोटीवर घासायचे मी ठरवले होते. खेळ सुरू झाला तेव्हा हा महाभाग मद्यालयात होता. पाचवे शील पहिल्याच मिनिटाला! मी भुवया उंचावताच म्हणाला, “पीत नाहीये आबा, नुसता बसलोय. इथलं छत दगडी आहे.” मी धान्याचे कोठार पेटवले. तेजलचे बाण अडकित्त्याला लागून परतले, पायलचा मंत्र फाशाने फसवला. “वीस पडला की!” सुलाबाई ओरडली. “जाळा आता, बघता काय?” एवढ्यात आपला चोर मोकळ्या हातांनी बुरुजावर चढला, ड्रॅगनसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “नागराज, जाळायच्या आधी एक शंका होती. नागाला भिक्खू का होता येत नाही?”

हिरामण, मी उभी नोकरी पाली शिकवण्यात घालवली. त्या काळात विद्यार्थ्यांनी मला एकच शंका विचारली, ‘सर, हे पेपरला येतं का?’ तेव्हा ड्रॅगन हवेतच थांबला, यात नवल ते काय? (उडता प्राणी एका जागी इतका वेळ थांबू शकत नाही, असा नियम ललितने दाखवला. शंकासमाधान चालू असताना नियम थांबतात, असे सांगून मी त्याला गप्प केले.) मी सांगितले की पूर्वी एका नागाला आपल्या नागजन्माचा वीट आला. त्याने तरुणाचे रूप घेऊन दीक्षा घेतली, पण गाढ झोप लागताच रूप सुटले, सगळी कुटी वेटोळ्यांनी भरली आणि शेपूट खिडकीतून बाहेर आले. तेव्हापासून दीक्षा मागणाऱ्याला आधी विचारतात, ‘तू माणूस आहेस ना?’ मग ओघाने त्या प्रश्नाचे व्याकरण आले, व्याकरणातून पाठभेद आले. सांगताना डोळे मिटण्याची माझी रीत आपणास ठाऊक आहेच; आपण त्याच वेळी सभेतून निसटत असा.

डोळे उघडले. फासा पुन्हा अनुकूल पडला. मी अडकित्ता उचलला आणि एका झेपेत सगळी खोकी आडवी करून घोषणा केली की संपूर्ण नगर भस्मसात झाले! मग ललित हळूच म्हणाला, “आबा, जळालं. पण कोण?” नगरात एकही चिंचोका नव्हता. सगळे ओढणीपलीकडे सुलाबाईच्या ताटात सुखरूप बसले होते. मी पाठभेदांत असताना तेजल आणि पायलने अख्खी वस्ती बोटाने नदीपार सारली होती. “लय येळ झाला, गाव रिकामं हाय,” सुलाबाई म्हणाली. “तुम्ही तिकडं खिडकीत शेपूट अडकवून बसलेला.”

मी मुलाला कठोर स्वरात विचारले, शंका खरी होती का? तो माझ्याकडे सरळ पाहत म्हणाला, “नाही आबा. तुम्हाला थांबवायचं होतं.” अशा प्रसंगी थोडेसे असत्य बोलण्याची रीत पूर्वीच्या जावयांत होती. मंडळी खोकी आवरू लागली, पायलने पोह्यांची चौकशी केली. चिंचोके वाचले होते, खेळ संपला होता, आता कोणाकडून काही मिळवायचे उरले नव्हते. तेव्हा हा मुलगा एक खोके हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “पण आबा, तो नाग पुढं गेला कुठं? त्याचं काय झालं?”

मी चष्मा पुसला. (आग काल्पनिक होती आणि धूर नव्हता, हे मला मान्य आहे.) उत्तर देणार तोच पोहे आले.

निकाल असा. चोरी म्हणावी, तर न दिलेले घेणे ही चोरी. माझा वेळ मी दोन्ही हातांनी उधळला. असत्य म्हणावे, तर प्रश्न हे विधान नव्हे, आणि विधान मागितले तेव्हा त्याने सत्य सांगून माझा अपमान केला. हिंसा शून्य. सबब मुलगा पत्रकात लिहिल्याइतका सज्जन नाही आणि ही त्याची जमेची बाजू समजावी. या स्थळास माझी हरकत नाही. नागाचे पुढे काय झाले हे ऐकण्यास त्याला येत्या रविवारी पाठवावे.

आपला,
सहादू

ता. क. ‘हरकत नाही’ हे वाचून सुलाबाई विचारते, “पोराला होय म्हणताय का वीजजोडणी देताय?” तरी ‘होय’ असे वाचावे.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी तेजलने वाचले आणि ती हसत सुटली. नागाची शंका तिने आदल्या दिवशी मुलाला पढवली होती. लहानपणापासून माझे हे निरूपण ऐकत ती झोपली असल्याने माझे डोळे नेमके कोठे मिटतात हेही तिनेच सांगितले. म्हणजे प्रश्नपत्रिका फुटली होती, आणि ती परीक्षकाच्या घरातूनच! शेवटचा प्रश्न मात्र त्याचा त्यानेच विचारला, असे ती पुन्हा पुन्हा सांगते, आणि हे सांगताना ती हसत नव्हती. तेव्हा हिरामण, आता चिंता मला आपल्या घराची वाटते. आपण वहिनींसह लवकरात लवकर येऊन आमची मुलगी नीट पाहावी. न पाहता होकार देऊ नये, ही मित्र म्हणून सूचना. पाहूनही होकारच द्यावा, ही आजोबा म्हणून विनंती.

हे पत्र आपल्याकडे मोठ्याने वाचले जाईल, हे मी जाणतो. जे वाचतील, जे ऐकतील आणि जे दाराआडून कान देतील, त्या सर्वांची भये विरून जावोत, घरे नांदती राहोत, आणि प्रत्येकाचे कल्याण होवो.