मापाचा दोरा

लिलाँग्वेजवळ, मलावी
२० मार्च २००३

ती. आबांस,

सविनय जयभीम. वि. वि. या वेळी पत्र उशीरा लिहीत आहे, त्याबद्दल आधीच कान पकडते. दवाखान्यात अन्नावाचून सुजलेली मुले अजूनही येत आहेत. पायावर बोट दाबले की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. दर दोन तासांनी चमच्याने दूध पाजावे लागते. कुणाचे वजन वाढले की त्याची आई अंगणात नाचते आणि आम्हा नर्सनाही ओढून नाचवते. तुमची सून अशी भर दुपारी नाचते, हे सासूबाईंना सांगू नका.

एक गोष्ट मात्र पाहवत नाही. शनिवारी परदेशांतून आलेल्या कपड्यांच्या गाठी सोडतात. बायका रांगेत उभ्या असतात आणि संस्थेचे लोक देणगीदारांसाठी त्यांचे फोटो काढतात.

माझी दोन वर्षांची मुदत जूनमध्ये संपते. संस्था आणखी एक वर्ष थांबा म्हणते. येथे माझ्याखेरीज एकच नर्स आहे. ह्यांना फोनवर विचारले, तर म्हणाले की आबांना विचार. म्हणून विचारते. तुमचा शब्द प्रमाण.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई परत निघाल्या आहेत. त्यांच्याबरोबर साक्षीसाठी निळा मखमली फ्रॉक धाडला आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीला घालू द्या. तिला दोन वर्षांत आईच्या हातचे काही मिळालेले नाही.

सासूबाईंना जयभीम. आपली माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
ज्योत्स्ना

⁂

अवसरी बुद्रुक
१६ एप्रिल २००३

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,

अ. आ. जयभीम. वि. वि. तुझे पत्र व फ्रॉक पोहोचले. ‘उशीर’ या शब्दातील ‘शी’ दीर्घ असली, तरी ‘उशिरा’ लिहिताना ती ऱ्हस्व होते. नर्स झालीस म्हणून हा नियम बदलत नाही.

आता फ्रॉकविषयी. हे पत्र मी दोन दिवस थांबून लिहीत आहे, कारण त्या दिवशी लिहिले असते, तर ते तुला वाचवले नसते.

जयंतीच्या मिरवणुकीत साक्षी तो फ्रॉक घालून आली. वर स्वेटर. एप्रिलच्या उन्हात स्वेटर कशाला, असे विचारले, तर तिने तो आणखी घट्ट ओढून घेतला. मला वाटले, मिरवण्याची हौस. शेजारच्या गोजरबाईने तिला जवळ ओढले आणि फॉरेनचा फ्रॉक लई भारी हाय म्हणत मानेमागची पट्टी उलटून पाहिली. मग मला विचारले की, भाऊ, हितं काय लिवलंय, किंमत हाय का? मी चष्मा लावून वाचले. इंग्रजीत ‘एमिली’ असे शाईने लिहिलेले होते.

ज्योत्स्ना, मला तेथेच किळस आली. मखमलीची नव्हे, ती चांगलीच असेल. माझी आई मोठ्या घराच्या मागल्या दारी पदर पसरून उभी राहत असे. उतरलेले लुगडे तिच्या पदरात वरून टाकले जाई. हात हाताला लागू नये म्हणून. ते लुगडे फाडून माझा सदरा होई. छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हा वडिलांनी घरातला असा प्रत्येक कपडा ओढ्याकाठी जाळला आणि मंचरहून मांजरपाट आणला. जाडाभरडा, अंगाला टोचणारा, पण कोरा. तेव्हापासून या घरात जयंतीला कोरेच कापड अंगावर येते, मग ते हातरुमालाएवढे का असेना. हे तुला लग्न होऊन आलीस त्याच वर्षी सांगितले होते.

आणि तू, या घरची सून, त्या गाठीतला कपडा उचलून जयंतीसाठी धाडतेस! ज्या रांगेतून बाहेर पडायला आम्हांला एक जन्म लागला, ती रांग तू तिकडे लावतेस, आणि वर त्यांचे फोटो! दान करणाऱ्याने कपडा द्यावा आणि घेणाऱ्याने त्याबदली आपला चेहरा द्यावा, हा कसला व्यवहार? मला त्या संस्थेचा, तिच्या गाठींचा आणि त्या हसऱ्या फोटोंचा वीट आला आहे.

मी साक्षीला तडक घरी आणले आणि कपडे बदलायला लावले. ती आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतले आणि शाळेचा गणवेश घालून बाहेर आली. रडली नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलतही नाही.

राहण्याविषयी माझा शब्द कशाला हवा? तुला योग्य वाटेल ते कर. रत्नदीपची ड्यूटी सध्या भीमाशंकरच्या गाडीवर आहे. तो रात्री येतो, जेवतो, तिकिटांची पेटी उशाशी ठेवून झोपतो आणि काही म्हणत नाही. न बोलण्यात साक्षी बापावरच गेली आहे.

लोभ आहे, आज तो दाखवण्याची इच्छा नाही.

तुझा,
बाजीराव

⁂

लिलाँग्वेजवळ
९ मे २००३

ती. आबांस,

सविनय जयभीम. वि. वि. तुमचे पत्र उशिरा का होईना, पण पोहोचले. (पाहा, शिकले.)

तुमचा राग रास्त आहे. आम्हांला येथे जेवणखाण आणि हातखर्च मिळतो. त्यातून दुकानातला फ्रॉक झाला नसता, असे मनाला सांगितले. गाठीतून तो निळा रंग दिसला आणि साक्षी डोळ्यांपुढे आली. जयंती आठवली, पण तुमचा मांजरपाट आठवला नाही. याची लाज वाटते.

गेल्या शनिवारी नाफिरी नावाची म्हातारी रांगेतून निघून गेली. मला कुदळ द्या, बियाणे द्या, हे चिरगूट नको, असे ती ओरडली. सगळे हसले. मीही हसले होते, आबा. तुमचे पत्र आल्यावर मी तिच्या झोपडीपाशी गेले. तिने मला बसायलाही सांगितले नाही. योग्यच केले. आता फोटो बंद करा, नाहीतर मी गाठींना हात लावणार नाही, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे. पाहू काय होते.

तुम्ही साक्षीला ओरडलात, हे मात्र मला आवडले नाही. चूक माझी होती. फ्रॉक निवडताना मी तो स्वतःच्या कमरेला लावून पाहिला होता. निघाले त्या दिवशी तिचे डोके माझ्या कमरेला लागत होते. तो तिला कसा बसला, हे कुणीच लिहिले नाही.

राहण्याविषयी अजून ठरत नाही. मी गेले तर दुसरी नर्स सप्टेंबरपर्यंत येणार नाही. येथल्या मुलांना चमचा तोंडाशी धरणारे कुणी हवे, आणि तेथल्या एका मुलीला आई हवी. दोन्हींकडे पाहिले की कुठेच नीट पाहिले जात नाही. योग्य वाटेल ते कर, असे म्हणून मला सोडू नका. स्पष्ट सांगा.

राग थोडा उतरावा आणि लोभ होता तेवढा परत मिळावा.

आपली,
ज्योत्स्ना

⁂

अवसरी बुद्रुक
२ जून २००३

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,

अ. आ. जयभीम. वि. वि. पंचायतीतला बहिरू परवा आला होता. चौकात तुझा सत्कार करायचा आणि फलक लावायचा म्हणतो. त्यासाठी तुझा फोटो हवा, पण एकटीचा नको. हात पसरलेली काळी पोरं पुढं पायजेत, म्हंजे लोकांना कळंल, असे म्हणाला. मी त्याला चहा न देता घालवले. या घरात पाहुणा चहावाचून गेल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. ओकारी यावी असे लोक येथेही आहेत, तेव्हा तुझ्या संस्थेने फार वाईट वाटून घेऊ नये.

फ्रॉक कसा बसला, असे तू विचारलेस. मी तुझ्या सासूला, द्रौपदाला विचारले. ती माझ्यावरच बरसली. फ्रॉक साक्षीला बसतच नव्हता. पाठीची बटणे लागेनात, म्हणून पोरीने मागे सेफ्टीपिना लावल्या होत्या आणि ते दिसू नये म्हणून वर स्वेटर चढवला होता. द्रौपदाला ठाऊक होते, पण साक्षीने तिला गळ्याची शपथ घातली होती. पोरगी काय म्हणाली, ते द्रौपदाने सांगितले तसेच लिहितो. एक अक्षरही दुरुस्त करत नाही. आईला म्हायती न्हाई मी किती वाढले, तिला कळलं तर ती रडंल, म्हून कुनाला सांगू नगं.

म्हणजे त्या उन्हात ती तुझी लाज झाकत होती, आणि मी तिला सर्वांदेखत ओढत घरी आणले. उतरलेल्या कपड्याविषयी माझे मत बदललेले नाही, बदलणारही नाही. पण त्या दिवशी मी पट्टीवरचे नाव वाचले आणि पोरीची पाठ पाहिली नाही.

तू स्पष्ट सांगा म्हणालीस, म्हणून सांगतो. दूध पाजायचे सोडून ये, असे मी म्हणणार नाही. ते काम रांगेचे नाही. तेथे मूल तुझ्या मांडीवर असते. पण वर्षाची मुदत वाढवू नकोस. सप्टेंबरात दुसरी नर्स आली की नीघ.

सोबत एक दोरा आहे. येथे शिंप्याकडे माप पाठवताना असाच पाठवतात. काल साक्षीला भिंतीला उभे केले आणि टाचेपासून डोक्यापर्यंत मापून गाठ मारली. ती माझ्याशी एवढेच बोलली की, आबा, ताठ धरा. या मापाचे काहीही धाडू नकोस. तू येईपर्यंत हाही अपुरा पडेल.

लोभ आहे, आणि या वेळी तो दाखवला आहे, असे समज.

तुझा,
बाजीराव

⁂

लिलाँग्वेजवळ
२७ जून २००३

ती. आबांस,

सविनय जयभीम. वि. वि. दोरा मिळाला. भिंतीशी उभी राहून स्वतःला लावून पाहिला. गाठ कमरेच्या बरीच वर, बरगड्यांपाशी आली. मी दोनदा लावून पाहिला, कारण विश्वास बसेना.

मुदत वर्षभर वाढवणार नाही, असे संस्थेला कळवले आहे. सप्टेंबरची नर्स आली की मी निघते. फोटो अजून काढतात, पण माझ्या दवाखान्याच्या दारात नाही. नाफिरीला कुदळ मिळाली. तिने ती घेतली आणि आभार मानले नाहीत. तुम्ही तिला चहा दिला असता.

दोरा खाटेपाशी खिळ्याला टांगला आहे, खालचे टोक जमिनीला टेकवून. रोज कामावर जाताना मी गाठीवर हात ठेवते. डोक्यावर ठेवतात तसा. साक्षीला सांगा, आईला कळले, आई रडली, आणि त्याने काही बिघडले नाही.

येताना काही आणणार नाही. आल्यावर तिला घेऊन मंचरला जाऊ आणि कोरे कापड घेऊ. शिंप्याला माप तिचे तीच देईल. तुम्हीही चला, दोरा ताठ धरायला कुणीतरी हवे.

आपली,
ज्योत्स्ना