बाबांची मोठी अक्षरं

३ मार्च, मंगळवार
झाला एकदाचा प्रोग्राम! आयुष्यातला पहिला, अकरा ओळींचा. पडद्यावर प्रश्न येतो—चहा हवा? पाठ दुखते? रेडिओ लावू?—बाबांनी फक्त ho किंवा nahi टाइप करायचं. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. डावा शाबूत आहे. वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "कसंही करून उत्तर द्यायला लावा. एकदा मिटून बसले की संपलं." म्हणून पन्नाशीत हा संगणकाचा क्लास, हा खटाटोप.

४ मार्च
फजिती. 'पाठ दुखते?'वर बाबांनी एका बोटानं टाइप केलं. पडद्यावर आलं—'उत्तर चुकलं.' पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदाही चुकल्यावर कीबोर्ड बाजूला सारून भिंतीकडे तोंड केलं. आणि मला राग आला तो त्यांचाच! मग पडदा वाचला. NAHI. NAHI. NAHI. बरोबरच तर होतं.

५ मार्च
क्लासचे सर हसले. "ताई, संगणकाला मोठं अक्षर वेगळं, लहान वेगळं. आलेलं उत्तर आधी लहान अक्षरांत करून घ्या, मग ताडून बघा." lower एवढा एक शब्द जोडायचा, बस्स! आपल्या लिपीत अक्षरांना लहान-मोठं नसतंच, मला सुचणार कुठून? पण बाबा पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन. नकाशावर सगळं मोठ्या अक्षरांत, हा कचेरीचा नियम. सवय घरच्या चिठ्ठ्यांपर्यंत आली. हे तरी मला ठाऊक होतं की.
'उत्तर चुकलं' खोडून 'नीट कळलं नाही, बाबा' केलं.

६ मार्च
बाबा पडद्याकडे बघतही नाहीत.

७ मार्च, शनिवार
त्यांच्याशेजारी बसून मीच टाइप करत राहिले—HO, Ho, hO. सगळी चालली. मग एकदा शब्दामागे रिकामी जागा पडली आणि गाडी अडली. मी डोकं खाजवतेय तोवर बाबांचा डावा हात पुढे आला. HO. चहा हवा! वर माझ्याकडे असं पाहिलं, की नवशिक्यांकडे असंच बघत असणार कचेरीत. लबाड. रिकाम्या जागेचा बंदोबस्त नंतर केला. आधी चहा टाकला.

१० मार्च, मंगळवार
प्रश्न साधाच होता—रेडिओ लावू? बाबा बराच वेळ टाइप करत राहिले. एंटर दाबलंच नाही, पडदा माझ्याकडे वळवला.
TU JEVLIS KA
दुपारचे तीन वाजले होते. जेवले नव्हते. तीन महिने मीच विचारतेय, तेच आजारी, मीच सांभाळणारी—घरात माझा बाप आहे, हे विसरूनच गेले होते.