मधोमध तेवढं स्वच्छ

अप्पा, तुमच्या काचेच्या कपाटातल्या महागड्या लेन्स मी विकून टाकल्या, हे आधी सांगते. आता माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर मी काय लावते, ते कळलं असतं तर तुम्ही मला स्टुडिओतून हाकलून दिलं असतं. वापरून फेकून द्यायच्या कॅमेऱ्यातली प्लास्टिकची लेन्स! कॅमेऱ्याच्या झाकणाला भोक पाडायचं आणि ती त्यात चिकटवायची. मधोमध तेवढं स्वच्छ येतं, कडेला सगळं विरघळतं. समयांच्या गावी, नाचियारकोविलला जाऊन पितळी समयांवर मी तिची परीक्षा घेतली. मधली ज्योत टोकदार आली, बाकीच्या नुसत्या पसरल्या. तुमच्या लेखी हा कचरा. पण हल्ली लोक याच कचऱ्यासाठी माझ्याकडे येतात आणि मला त्याचा फार आनंद होतो.

फोटोत पापणीचा केस न् केस दिसला पाहिजे, असं तुम्ही गावभर सांगत फिरायचात. माझी वेळ आली तेव्हा? मी बाविशीची आहे. तुम्ही बोटावर व्हॅसलीन घेऊन लेन्सपुढच्या काचेला फासता आहात, कारण लहानपणी उकळतं सांबार सांडून माझा डावा गाल भाजलेला आहे आणि इथे तमिळ मुलखात आपल्या मराठी माणसांत स्थळं मोजकी. तो धुक्यातला फोटो चेन्नईला गेला. मग मुलाची आई मला बघायला आली. तिने माझ्या गालाकडे पाहिलं, कॉफीचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "फोटो हिचाच काय?" तुम्हाला लाज वाटली नाही. तुमच्या कामाला कुणी नाव ठेवलं, एवढंच झोंबलं. "फोटोंत चूक नाहीं, बाई. पोरींतच आहे." आईने ते स्वयंपाकघरातून ऐकलं. मी तर समोरच बसले होते. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

परवा इन्नंबूरहून आपल्यातलीच एक बाई स्थळासाठी फोटो काढायला मुलीला घेऊन आली. मुलीच्या हनुवटीवर कोडाचा पांढरा डाग. "अक्का, तुमच्या त्या धूसर लेन्सेनें काढा. डाग दिसूं नये." मी बरं म्हटलं. त्या बाईला वाटलं, डाग कडेला जाईल. मी कॅमेरा जरासा खाली घेतला आणि हनुवटी बरोब्बर मधोमध धरली. केसातला मोगरा, साडी, डोळे, सगळं विरघळलं. डाग तेवढा लख्ख आला. पडद्यावर दाखवला तेव्हा त्या आईचा चेहरा उतरला. मी तो नीट पाहून घेतला. खरं तर मला तिथे तुम्हीच उभे दिसत होतात, आणि तुम्हाला असं तोंडघशी पाडायला मी किती वर्षं थांबले होते! मला वाटलं, पोर माझ्या बाजूने बोलेल.

तिने फोटो पाहिला. "त्याला ठाऊक आहे, अक्का," ती म्हणाली. "आम्ही दोघें एकाच ऑफिसांत आहों. त्याच्या आईनें एकदां होय म्हणावें, एवढ्यासाठीं आलें होतें." मी दुसरा काढते म्हटलं, पण ती उठली होती. पदर हनुवटीवर ओढून घेतला होता. आत आली तेव्हा तो खांद्यावर होता. "तें तेवढें पुसून टाका," म्हणाली.

मी तिच्यासमोर बटण दाबल्यासारखं केलं आणि पुसला म्हणून सांगितलं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. फोटो मी पुसलेला नाही. सकाळपासून पुन्हा पुन्हा उघडून बघते आहे. इतका चांगला फोटो माझ्या हातून कधी आला नव्हता.