गिअरचा दात

अमरावती
दि. ७ मार्च १९६३, गुरुवार

तीर्थरूप भागीरथाताईंस,
केशरचा सप्रेम जयभीम. आम्ही दोघं ठीक आहोत. अकोल्यात सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील असं धरून चालते.

काल शाळेतून आले तर दाराच्या फटीत तुमचं पत्र. पाकिटावर तुमचं अक्षर दोन वर्षांनी पाहिलं. चप्पलही न काढता उभ्यानंच वाचलं. आपली इंदू नर्स झाली, आणि चिखलदऱ्याच्या दवाखान्यात नेमणूकही झाली! लहानपणी माझ्या पदराला बांधून ठेवावं लागायचं तिला, इतकी पळायची. आता ती लोकांना सुया टोचणार.

यांना पत्र वाचून दाखवलं. 'इंदू तीस तारखेला बडनेऱ्याला उतरेल, तिच्या काकांनी तिला आपल्या जीपमधून घाट चढवून पोचवावं, असं तिच्या बाबांचं म्हणणं आहे,' हे वाक्य यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "दादा सोता म्हणते असं?" मी म्हटलं, हो, स्वतः भाऊजीच. तसेच अंगणात गेले आणि जीपच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. दोघा भावांमध्ये जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. हे मात्र जेवताना दोनदा आपल्याशीच हसले.

आता गाडीच्या तयारीला लागले आहेत. घाटात चारही चाकांना जोर द्यावा लागतो, आणि दुसरा गिअर अलीकडे कुरकुर करतो. म्हणून गिअरबॉक्सचं जुनं ऑइल काढून नवं भरायचं. ते काम घरीच करणार म्हणतात. पूर्वी देवीदास मेकॅनिक यायचा. त्याला बोलवू म्हटलं तर नको म्हणाले. तो कामापेक्षा स्टँडवर गप्पाच जास्त करतो.

गाडी हल्ली फार निघत नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी संत्र्यांच्या पेट्या पोचवतात, तेव्हा मीही शेजारी बसून जाते. तेवढंच फिरणं होतं. कुरडया घातल्या आहेत, इंदूसोबत डबा देईन. भाऊजींना नमस्कार.

तुमची,
केशर

ता. क. परतवाड्याहून चिखलदऱ्याला एस.टी. जाते, चौकशी केली. जीप फार हादरते. इंदूला त्रास होईल असं वाटलं तर एस.टी.चंही बघावं. सहज सुचलं म्हणून लिहिलं.


अमरावती
दि. १७ मार्च १९६३, रविवार

तीर्थरूप भागीरथाताईंस,
जयभीम. हे पत्र आधी तुम्ही वाचा. भाऊजींना द्यायचं की नाही ते मग ठरवा.

तुमचं उत्तर मिळालं. खाली भाऊजींनी स्वतः लिहिलेल्या दोन ओळी पाहिल्या: 'काका असताना एस.टी. कशाला? माझी पोर शेषरावच्याच गाडीत बसून घाट चढेल.' त्यांनी कधी कुणाला पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. या दोन ओळी लिहायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी समजते, म्हणून तीन-चार दिवस उत्तर दिलं नाही. यांना त्या ओळी वाचून दाखवल्या. तो कागद यांनी माझ्याकडून घेतला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. अजून तिथेच आहे.

आज दुपारी ऑइल बदललं. त्याचंच लिहायला बसले आहे. हात धुऊन धुऊनही अजून काळे आहेत, कागदावरचे डाग सांभाळून घ्या.

आधी हे सांगते की गाडीखाली हे गेले नव्हते. मी गेले होते.

वर्षभर ही कामं मीच करते. कुठला नट कोणत्या बाजूला फिरवायचा ते हे वरून सांगतात, आणि मी फिरवते. दाराला कडी लावून करतो, कुणी पाहू नये म्हणून. संत्र्यांच्या फेरीला मी फिरायला जाते असं लिहिलं होतं ना, तेही तसं नाही. मी शेजारी बसून रस्ता बोलते. डावीकडून बैलगाडी आहे. सायकलवाला आहे, अंगावर येतो आहे. पोरं खेळतात, हळू घ्या. मी बोलते आणि हे चालवतात. माझी शाळा असेल त्या दिवशी गाडी अंगणातून हलत नाही.

अकोल्याच्या स्टँडवर भाऊजी चारचौघांत म्हणाले होते, "शेष्या, तुले दिसत नाही, गाडी सोड." त्यावरून दोन वर्षं अबोला झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्यात काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा काढता येत नाही. बाजूचं आणि खालचं हळूहळू मिटत जातं, समोरचं मात्र शेवटपर्यंत राहतं. त्यामुळेच फसायला होतं. मैलाचा दगड हे माझ्याआधी वाचतात. "सगळं दिसते मले," म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. जे दिसत नाही, ते दिसत नाही हेच त्यांना कळत नाही.

मलाही आजवर वाटत होतं की थोडंसंच गेलं आहे.

ऑइल पातळ व्हावं म्हणून आधी इंजिन चालू करून, गिअर सुटा ठेवून गाडी तापवली. आपलं अंगण दाराकडून नालीकडे उतरतं, तुम्ही पाहिलं आहे. जीपचं तोंड उताराकडे. हँडब्रेक घासून गेला आहे, म्हणून हे सीटवर बसून पायानं ब्रेक दाबून राहणार आणि मी खाली गोणपाटावर निजून बोल्ट सोडणार, असं ठरलं. चाकाखाली दगड लावू का, असं मागे एकदा विचारलं होतं तर रागावले होते. मी ब्रेकवर बसलो असताना दगड कशाला, म्हणून. आज न विचारता पुढच्या चाकापुढे एक लावून ठेवला. का लावला ते सांगता येत नाही. इंदूचं पत्र आल्यापासून मला कशाचीच खात्री वाटत नाही, तव्यावरची भाकरीसुद्धा दोनदा उलटून पाहते.

बोल्ट घट्ट होता. मी पाय बाहेर काढून, टाचा जमिनीत रोवून जोर लावला. माझे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सीटच्या बाजूनं बाहेर होते, यांच्या अगदी पायाशी. हिरवं लुगडं, बाराचं ऊन. बोल्ट सुटला आणि गरम ऑइल घमेल्यात पडायला लागलं. यांनी वरून काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "निंगालं का?" ऑइल निघालं का, असं. मी म्हटलं, "निंगालं."

यांनी विचारलं होतं, "निंगाली का?"

ताई, आपल्याकडे या दोन शब्दांत फक्त शेवटच्या अक्षराचा फरक. गाडीखालून तोंडावर ऑइलचे थेंब उडत असताना तो कुणाला कळतो? मी बाहेर निघाले असं समजून हे खाली उतरायला निघाले आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी हलली. घमेलं तिरकं झालं. माझ्या तोंडावरून ते सगळं लोखंड सरकताना दिसलं, आणि मला ओरडताही आलं नाही. मग चाक दगडाला लागलं आणि गाडी थांबली. वीतभर सरकली असेल. यांनी पाय खाली टाकला तो माझ्या घोट्यावर. तेव्हा त्यांना कळलं की मी अजून खाली आहे.

मला चाकाची भीती वाटली, ती चाक थांबल्यावर गेली. दुसरी भीती त्यानंतर आली आणि ती अजून गेलेली नाही. भर दुपारी, हिरव्या लुगड्यातले माझे पाय त्यांच्या पायाशी होते, आणि ते त्यांना दिसले नव्हते. घाटात एका बाजूला दरी असते. ती बाजूलाच असते, ताई, समोर नसते. आणि तिथे मी किती बोलणार? एखादं वळण माझ्या बोलण्याआधी आलं तर? गाडीत इंदू असेल. कुरडयांचा डबा मांडीवर घेऊन बसली असेल, काकाला दवाखान्याचं काही सांगत असेल.

मी बाहेर आले. घोट्याला लागलं आहे, फार नाही. हे तसेच जीपला धरून उभे होते. मी म्हटलं, दगड होता. यांनी मान हलवली.

पुढचं काम तर करायचंच होतं. निघालेलं ऑइल हे नेहमी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायला लावतात. गिअर झिजत असेल तर फडक्यावर लोखंडाचा चुरा राहतो. दात तुटला असेल तर तुकडाच सापडतो. मग गाडी लांब न्यायची नाही, हा यांचा पहिल्यापासूनचा नेम. मी गाळलं. फडकं काळं झालं, पण स्वच्छ होतं. कणसुद्धा नव्हता. कुरकुर फक्त जुन्या ऑइलची होती.

यांनी विचारलं, "काही आलं काय फडक्यात?"

मी म्हटलं, "आलं. चुरा आहे. दात गेला असंल."

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी यांच्याशी गाडीबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. माझा आवाज मलाच परका वाटला. यांनी हात पुढे केला. ही त्यांची सवय मी विसरले होते. डोळे चांगले होते तेव्हाही हे ऑइल कधी नुसतं पाहत नसत, बोटांनी पाहत. फडकं घेतलं, अंगठा आणि बोटामध्ये ऑइल चोळायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं फडकं चोळून पाहिलं. चुरा असता तर पहिल्याच बोटाला टोचला असता. त्यांच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी बोटांकडे बघत राहिले. आता काय म्हणतील, दादासारखंच तूही, असं म्हणतील का, हेच मनात होतं.

फडक्याची घडी केली. म्हणाले, "हो. दात गेला."

मग फडकं माझ्याकडे देत, "इंदूले येष्टीनंच जाऊ दे. अशा गाडीत पोरीले बसवणं बरं नाही."

मी बरं म्हटलं. यांनी हात पुसले, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. माझ्याकडे न बघता विचारलं, "लागलं काय तुले?" नाही म्हटलं. "लंगडत तं हायेस," म्हणाले. ते त्यांना दिसलं नसेल, ऐकू आलं असेल.

आता संध्याकाळ झाली आहे. मी हे ओसरीत बसून लिहिते आहे आणि हे जीपमध्ये बसले आहेत. किल्ली माझ्या पदराला आहे. नुसते बसले आहेत, एक एक गिअर टाकून बघतात. टाकला की खट्ट वाजतं, आणि दर वेळी माझं पेन थांबतं. प्रत्येक गिअर नीट पडतो आहे. त्यांनाही ते ऐकू येतंच असणार. उद्या शाळा आहे, मी घरी नसेन. किल्ली सोबत नेईन, पण जीप किल्लीशिवायही सुरू करता येते, आणि ते यांनीच मला शिकवलं आहे.

म्हणून तुम्हाला विनंती करते. तीस तारखेला इंदूसोबत तुम्ही दोघंही या. आपण तिला एस.टी.नंच परतवाड्यापर्यंत सोडू, तिथून ती दुसऱ्या एस.टी.नं वर जाईल. मग भाऊजींनी चार दिवस इथे राहावं. त्यांना सगळं सांगायचं तर सांगा, मी अडवत नाही, ते बोलले होते ते खरंच होतं. पण अंगणात आल्यावर त्यांनी यांना डोळ्यांचं विचारू नये. बॉनेट उघडावं, खाली वाकावं, हवं तर फडकंही बघावं, मी ते जपून ठेवलं आहे. आणि मग म्हणावं की दात गेला आहे, दुरुस्तीला वेळ लागेल. भावानं भावाला तेवढं म्हणावं.

तुमच्या वाटेकडे कान लावून असलेली,
केशर